लाल रंगाचा डबा

हसू नका, पण मले त्या दिवसापासून कम्प्युटरसमोर बसवत नाही. पूर्वी हातपंपाचं पाणी आमच्या लॅबच्या तपासणीत खराब निघालं का मी सवता जाऊन पंपाले लाल रंग फासत होतो. लाल पंपाचं पाणी कोणी पेत नव्हतं. मंग हुकूम आला, रिपोर्ट ऑनलाइन टाका. म्हटलं, आता तर साऱ्या जगाले दिसते, रंग कायले फासाचा? डबा आलमारीत ठेवून देला.

एक दिवस सौंसरकडच्या खेड्यातले शामरावकाका आले. त्यायची सून काविळीनं गेली.

"आमच्या पंपाचं पाणी तपासलं होतं का, बाबू?"

"हो काका. खराब होतं. उन्हाळ्यातच ऑनलाइन टाकलं न!" मी स्क्रीन त्यायच्याकडं फिरवला.

काकांनी सारं वाचलं. मंग हळूच इचारलं, "लाल रंग संपला होता काय?"