वल्ह्यांचा आकडा

(ऑलंड द्वीपसमूहातल्या एका बेटावरचा छोटा दवाखाना. नर्स यानिके आणि सुजल्या गालाच्या डाग्नीआजी. दातांच्या डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत.)

डाग्नी : …मिश्या तर हुबेहूब आमच्या पाद्रीबाबांसारख्या! सील कसला, पाण्यातला उपदेशकच तो. माझ्या राय धान्याच्या भाकरीसाठी अख्खी खाडी होडीमागे पोहत आला.

यानिके : आजी, तोंड मिटा. गाल बघा केवढा झालाय.

डाग्नी : म्हणून तर म्हणते, बाईंना हाक मार. दात उपटला की मी चालले. उद्या मिडसमर, उन्हाळ्याचा सण. चाळीस वर्षं सणाचा पानाफुलांचा खांब उभा करताना ‘उचला!’ ही आरोळी माझी असते. माझ्याशिवाय उभा राहील, पण वाकडा.

यानिके : आधी रिपोर्ट बघू द्या, सकाळीच आलाय. अगं बाई! रक्त गोठवणारं प्रोटीन छप्पन्न?

डाग्नी : पन्नासच्या वर म्हणजे ठणठणीत. तूच म्हणाली होतीस.

यानिके : सहा वर्षांपूर्वी बावीस होतं. विलेब्रांडचा, म्हणजे रक्त लवकर न थांबणारा आनुवंशिक रोग असेल, पुन्हा तपासू म्हटलं, तर तुम्ही फिरकला नाहीत.

डाग्नी : मधे हेरिंग मासे फार खाल्ले.

यानिके : हेरिंगनं घोळणा फुटायचा थांबत नाही. बरं, तो सील कधी भेटला?

डाग्नी : मंगळवारी.

यानिके : मंगळवारी तुम्ही इथे रक्त द्यायला आला होतात. ‘फेरीबोटीनं आले’ म्हणालात.

डाग्नी : फेरीनंच की.

यानिके : मंगळवारी फेरी बंद होती. मी स्वतः धक्क्यावर अडकले होते.

डाग्नी : मेलं, गोष्ट सांगताना वार सांगू नये माणसानं!

यानिके : किती वल्हवलंत?

डाग्नी : दोन खाड्या. उलट्या वाऱ्यात. वर धक्क्यापासून पळत आले.

यानिके : तरीच! अंग दमलं की साठवलेलं प्रोटीन रक्तात ओततं, मग थोड्या वेळानं ते उतरतं. हा छप्पन्न तुमचा नाही, वल्ह्यांचा आहे.

डाग्नी : ठाऊक आहे.

यानिके : ठाऊक आहे?

डाग्नी : तुझ्या आधीची नर्स म्हणायची, ‘धावत आलीस तर आकडा फुगतो, आधी बैस.’ म्हणून बसलेच नाही! बसले असते तर तुम्ही मला मारिएहाम्नच्या मोठ्या इस्पितळात धाडणार, रक्त गोठायच्या सुया टोचून दात काढणार, दोन दिवस ठेवून घेणार. आणि माझ्या जागी आरोळी देणार तो यंग्वे. आवाज ऐकलायस त्याचा? बेडूक परवडला.

यानिके : आणि इथे दात काढल्यावर रक्त थांबलंच नसतं तर?

डाग्नी : कापूस चावून बसले असते. माझी आजी तर हिरडी सुईदोऱ्यानं शिवायची. शिडाच्याच दोऱ्यानं!

यानिके : हसू नका, आजी. पुढच्या आठवड्यात तिंद्राच्या टॉन्सिलचं ऑपरेशन आहे.

डाग्नी : माझ्या नातीचं मला सांगतेस?

यानिके : फॉर्मवर विचारतात, घरात कुणाला रक्ताचा त्रास आहे का. तुमच्या सूनबाईंनी ती जागा कोरी ठेवलीय. सासूबाईंचा रिपोर्ट आला की कळवा म्हणाल्या.

डाग्नी : काय कळवणार होतीस?

यानिके : छप्पन्न. ठणठणीत.

डाग्नी : बाही वर कर माझी. पुन्हा घे रक्त.

यानिके : आधी अर्धा तास शांत बसावं लागेल. बोलायचंही नाही.

डाग्नी : बाईंना सांग, आज दात नाही. मारिएहाम्नची सहाची फेरी धरते. आणि यंग्वेला निरोप दे, आरोळी पोटातून काढ म्हणावं, नाकातून नको.

यानिके : देते. आता गप्प.

डाग्नी : एकच सांगते. गेल्या महिन्यात तिंद्राचा दुधाचा दात पडला, माझ्याकडे असताना. सकाळी उशी लालभडक. लाल लिंगनबेरीचा मुरंबा सांडला, असं सांगितलं मी सूनबाईला.

यानिके : ही गोष्ट खरी, आजी?

डाग्नी : तीन पाण्यांनी धुतली उशी, पोरी. तरी डाग जाईना.