लावून बघितलेला शब्द

— नाही नाही, फोन माझ्या हातात नका देऊ. हातात मागितलाच नाहीये मी. तुमच्याच हातात राहू दे, फक्त एक नंबर लावा आणि मी सांगतो ते बोला. बघा, लगेच पर्स काखेत गेली! शाबास. असंच पाहिजे. अनोळखी म्हातारा, बसस्टॉपचा बाक, 'घाई आहे हो, नातीच्या जिवावर बेतलंय' — सगळे भामटे असंच बोलतात, तुमच्या मागच्या पाटीवर लिहिलंयच ते. वाचली मी पाटी. तीनदा वाचली, बस येत नाही तर करणार काय. 'घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आपली माहिती कोणाला देऊ नका.' बरोबर आहे. पण खरीच घाई असलेल्या माणसानं काय करायचं, तेवढं लिहायचं राहिलंय बघा पाटीवर.

मी कोण? चावीवाला. मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला चिकटून एक खोकं आहे ना, ते माझं. चाळीस वर्षं. शिक्षण चौथी — पण चौथीत दोनदा बसलो, म्हणजे बेरीज केली तर आठवी होते. हसू नका, हेडमास्तरीणबाई. रागावू नका हो, तुमचा चष्मा तसा आहे म्हणून म्हणालो. हे बघा, ही बोटं, काळी पडलीत की नाही? पितळ घासून घासून. भामट्याची बोटं अशी नसतात, त्यांची मऊ असतात, बटणंच दाबायची असतात ना त्यांना.

तर ऐका. माझी नात, मुलीची मुलगी. भिंगरी म्हणतो मी तिला, लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. ती सहाला कामावरून घरी येते. आता वाजले पाच आणि दहा मिनिटं. माझी बस पावणेसहाला, पुढे पाऊण तास. म्हणजे मी पोचणार साडेसहाला. आणि तिच्या घराची चावी खिशात घालून तिचा नवरा तीन वाजताच माझ्या दुकानातून गेलाय. ज्याच्यापासून ती लपून राहिलीय, तोच नवरा. टॅक्सी? दोन थांबवल्या. पूल दुरुस्तीला काढलाय, फक्त बस सोडतात. कामावरच गाठलं असतं तिला, पण नव्या कामाचा पत्ता तिनं मला सांगितलेला नाही. शहाणी आहे. नंबर तेवढा सांगितला होता — आणि आता त्याच नंबरवर तिनं मला ब्लॉक केलंय.

का केलं? सांगतो ना. बस यायची आहे अजून.

त्याच्या घरातून निघाली तेव्हा तिनं सगळं बदललं बघा. नंबर बदलला, फोटो काढून टाकले, पत्ता पाच माणसांना सांगितला, त्यात एक मी. आणि मग नवीन घराची चावी हातात आली त्या दिवशी एक चूक केली बिचारीनं. चावी तळहातावर ठेवली, फोटो काढला, स्टेटसला लावला. 'माझं घर.' एवढंच. पत्ता नाही, काही नाही. मी बघितला तो फोटो आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. का म्हणजे? फोटोत चावीचे दाते स्वच्छ दिसत होते हो! पाच खाचा, तिसरी सगळ्यात खोल. माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ. कोरी चावी घेतली, कानस घेतली, वीस मिनिटांत डुप्लिकेट तयार. ती कामावर गेलेली. गेलो, लावली, फिरली. लोण्यासारखी फिरली! आत शिरून तिच्या सगळ्या चपला फ्रिजमध्ये रांगेनं लावल्या, खुर्च्या उलट्या केल्या, आणि त्याचा व्हिडिओ काढला. 'बघा मंडळी, चावीचा फोटो टाकला की काय होतं!' — असं सगळ्या जगाला शिकवलं. चांगलंच शिकवत होतो ना? खोटं होतं का त्यात काही?

व्हिडिओत आधी तिचा तो चावीचा फोटो दाखवला, मग खिडकीतून बाहेरचंही दाखवलं मी. समोरची शाळा, निळं फाटक. येताना जिन्यातली इमारतीच्या नावाची पाटीसुद्धा. कशाला दाखवली? सुंदर रंगवलीय हो ती पाटी.

ती आली, दार ढकललं, उलट्या खुर्च्या बघितल्या. मी पडद्यामागं. वाट बघतोय कधी फ्रिज उघडते. तर उघडेच ना. आवाजच नाही. मी 'भॉ' करून बाहेर उडी मारली, तर घरात कोणी नाही. ती जिन्यात बसलेली, भिंतीला टेकून, दोन्ही हात असे तोंडावर. तिला वाटलं तो आला. माझ्याकडे बघितलं ना, तर मला ओळखायला तिला... जाऊ दे. तिचा चेहरा नाही सांगत मी तुम्हाला. मग म्हणाली, "आजोबा, एकदा तरी माफी मागा. बाकी काही नको मला." मी काय म्हणालो? म्हणालो, "माफी? कुठल्या दुकानात मिळते गं ती?" तरी ती हसली हो. थोडीशी. हसली म्हणून मला वाटलं, मिटलं.

मग तिनंच तोडगा काढला. म्हणाली, तुमच्या कुठल्याच बोलण्यावर माझा विश्वास बसणार नाही, म्हणून आपण एक शब्द ठरवू. घरातल्या घरात. खरंच संकट आलं तरच बोलायचा. कोणी माझा आवाज काढून तुम्हाला फोन केला, नाहीतर तुमचा आवाज काढून मला, तर त्याला तो शब्द माहीत नसणार. हुशार की नाही? मी म्हणालो, ठेव, 'जिराफ' ठेव. ती म्हणाली, जिराफ तर जिराफ. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावला मला. शपथ घेतली मी.

आणि चौथ्या दिवशी वापरून टाकला.

थांबा, थांबा, असं बघू नका. आधी माझा धंदा समजून घ्या. चावी केली की ती लावून बघायची असते. गिऱ्हाइकाच्या हातात तशीच ठेवली तर तो चावीवाला कसला? कुलपात घालायची, फिरवायची, 'कट' असं ऐकलं की मगच द्यायची. चाळीस वर्षांची सवय. आता एक शब्द केला, आणि तो चालतो की नाही ते बघितलंच नाही — मला चैन पडेना हो. दुपारी फोन लावला. म्हणालो, "जिराफ." फोन ठेवला. बस. पंचवीस मिनिटांत आली. काम टाकून, एका पायातली चप्पल तुटलेली, धापा टाकत दुकानाच्या दारात उभी. आणि मी स्टुलावर बसलेला, चहा पीत. म्हणालो, "चालतो गं!"

त्यानंतर ब्लॉक.

चौकीत? गेलो की. साडेतीनलाच गेलो. हवालदार मला बघूनच हसायला लागला. गेल्या वर्षी मी तिथं तक्रार द्यायला गेलो होतो की चावीवाल्याचीच चावी हरवली, दुकान उघडून द्या — अख्खी चौकी आली होती, आणि चावी माझ्याच गळ्यात. आज म्हणाला, "काका, आज काय हरवलं?" मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, उद्या नातीला घेऊन या, मग लिहून घेतो. तिची आई, माझीच मुलगी, तिला लावला. "बाबा, आज काय नवीन?" — आणि ठेवला. आता उचलत नाही.

म्हणून तुम्ही. तुमचा आवाज कसा स्वच्छ, खोटं न बोलणारा. लावा ना. नंबर मी म्हणतो... हां. शेवटी दोन सात. वाजतोय? सांगा, घरी जाऊ नकोस म्हणावं. मैत्रिणीकडे जा, कामावरच थांब, कुठंही जा, घर सोडून. बोला, बोला —

काय झालं? ठेवला? काय म्हणाली? सांगा हो, मला नाही वाईट वाटत.

"त्यांना सांगा, या वेळी बाई चांगली शोधलीत."

चांगली शोधलीत. हं. एरवी मी यावर आठ दिवस हसलो असतो.

घाबरू नका तुम्ही. तो चावी घेऊन गेला तरी बिघडलं कुठं. सुरुवातीला सांगायचं राहिलं बघा — ती चावी मी मुद्दाम बिघडवलीय. तिसरी खाच जरा जास्त खोल मारली. आत जाईल, पण फिरणार नाही. फिरव फिरव फिरवेल आणि जाईल कंटाळून. अहो, आयुष्यभर लोकांना बनवलं, त्याला नाही बनवणार? आला होता कसा, सांगतो. गुळगुळीत दाढी. मी त्याला एकदाच बघितलेला, लग्नात, तेव्हा भरघोस दाढी. म्हणाला, "तुम्हीच ना ते व्हिडिओवाले? अख्खा व्हिडिओ चार वेळा बघितला. फोटोवरून चावी करणं म्हणजे काय खायचं काम आहे का!" मला हो, अंगावर मूठभर मांस चढलं. घरातलं कोणी कधी असं बोललं नाही. त्यानं फोटो दाखवला, कापून लहान केलेला, नुसती चावी, तळहात नाही. म्हणाला, घरची चावी हरवली, हा फोटोच उरलाय. मी लगेच कोरी चावी लावली शिकंज्यात. बोलत बोलत कापली. त्याला सगळं समजावून सांगत होतो, वर्गात शिकवल्यासारखं. पहिली खाच, दुसरी खाच. तिसरी घासताना बोटांना कळलं. डोळ्यांना नाही हो, बोटांना. ही मी आधी केलीय. वर बघितलं. तो हसत होता. म्हणाला, "आजोबा, तुमच्या हाताला तोड नाही." दुकानात मला सगळे काका म्हणतात, बाई. आजोबा म्हणणारी एकच आहे, आणि तिच्या तोंडून ऐकलेलं असणार त्यानं.

मग? मग मी ती खाच खोल मारली, सांगितलं ना.

मारली म्हणजे —

कशाला विचारता सारखं सारखं? तुम्ही खरंच हेडमास्तरीण आहात का कुठल्या?

नाही मारली. मारायची होती. कानस टेकवली होती, दोनदा दाब दिला असता तर काम झालं असतं. हात हलेना. हातानं जन्मात एक खोटी चावी केलेली नाही, तो शिकलाच नाही हो ते. लोकांच्या घरात चपला गार केल्या, पण चावी कधी खोटी केली नाही. आणि समोर तो उभा, हात पुढे करून. एवढा उंच. मी घाबरलो. काय लपवायचं आता. मी घाबरलो, चावी फडक्यानं पुसली आणि दिली. पुसून दिली! घेतले नाहीत पैसेसुद्धा. तो गेल्यावर मी स्टुलावर बसून होतो, किती वेळ ते माहीत नाही. ती चावी फिरणार, बाई. लोण्यासारखी फिरणार. आणि तो आत बसलेला असेल, आणि माझी भिंगरी दार उघडून उलट्या खुर्च्या दिसतात का बघेल, नाही दिसणार. वाटेल, आज सगळं ठीक आहे.

किती वाजले? पाच पस्तीस.

मेसेज? काय लिहिणार मेसेजात? जिराफ? त्याची किंमत मी चहाच्या कपात बुडवली. 'तो आलाय' लिहिलं तर म्हणेल, म्हाताऱ्यानं हद्द गाठली. देवाची शपथ? शंभर वेळा घेतलीय. रडून दाखवलंय तिला, छातीत कळ आली म्हणून लोळून दाखवलंय, मेल्याचं सोंग करून दाखवलंय — तिच्या आईनं पाणी मारलं तोंडावर, तेव्हा उठलो. माझ्या तोंडून निघणारं सगळं तिनं एकेकदा ऐकलंय. न वापरलेलं काही उरलंच नाही माझ्याकडे. लावून न बघितलेलं —

एक आहे.

लिहा. नाही, थांबा. जमत नाही मला. तुम्हीच लिहा ना तुमच्या मनानं, तुम्ही शिकलेल्या... नको? मीच सांगू? बरं. लिहा, भिंगरी. पुढे लिहा — माझं — चष्मा पुसा हो, चुकेल काहीतरी. माझं चुकलं. चपलांचं चुकलं, व्हिडिओचं चुकलं, त्या शब्दाचं चुकलं. मला माफ कर. लिहिलंत? 'माफ' पूर्ण लिहा, अर्धं नको. चावी मी करून दिली. घाबरून दिली. तो तुझ्या घरात आहे. घरी जाऊ नकोस. खाली नाव? नाव नको. आजोबा लिहा.

पाठवा.

गेला? दोन खुणा आल्या? निळ्या झाल्या का? नाही झाल्या. पाच एकेचाळीस. आता ती वाटेत असेल, थोड्या वेळात निळ्या फाटकापाशी, त्या बाजूनंच येते... अजून नाही? माझी बस दिसतेय ती, वळणावर. बघू दे बसला वाट. झाल्या? झाल्या निळ्या? वाचतेय? काही लिहितेय का? थांबली? पुन्हा लिहितेय? काय लिहितेय —

वाजला. वाजतोय की हो, तुमचाच! तोच नंबर, शेवटी दोन सात. नाही, मला नका देऊ. माझा आवाज ऐकला की ठेवेल ती. तुम्ही उचला. मी एक अक्षर बोलत नाही.