राखणदार चालला!

नार्व्याच्या धक्क्यावर कमलाक्षी फेरीबोटीची वाट पाहत होती. दिवाडीला लेकीकडे जायचं होतं. पुढे स्कूटरला टेकून बहीणभाऊ बोलत होते.

“साईश, माझ्या गेममधला राखणदार अखेर चालला रे!”

“दोन वर्षं शेवाळावरून घसरल्यासारखा घसरत होता, ताई!”

“आता काठी टेकतो, घोंगडी सावरतो, पाऊल टाकतो. एकेक चित्र मीच काढलं!”

“आईला दाखवलंस? ती तर म्हणते, नोकरी सोडून पोरगी भुतं चितारते.”

“सकाळी टॅब हातात दिला. म्हटलं, ह्याला नदीपलीकडच्या देवळात पोचव. आणि तशीच निघून आले. अरे, तिचाच फोन!”

“स्पीकरवर घाल!”

“गौरवी, तुझ्या मगरीनं मला परत गिळलं!”

“आई, तू अजून खेळतेस?”

“मग? त्याला पाण्यात सोडून उठू? तिकडे पेज करपली. मगर हटते कशी?”

“ते आपणच शोधायचं असतं.”

“बरं, नको सांगू. आणि ऐक, तुझ्या जुन्या हापिसातून फोन आला होता. परत येतेस का, विचारत होते.”

“तू काय सांगितलंस?”

“तिला सवड नाही म्हटलं. ठेव आता, मगर आली!”

फोन बंद झाला. गौरवीनं भावाला मिठी मारून गरगर फिरवलं. फेरीबोट लागली तरी दोघं हसतच होती.

कमलाक्षीला राहवेना.

“बाय, मगरीला मासळी टाकली तर?”

“मावशी, हळू बोला! बरोबर ओळखलंत, पण आईला कळायला नको!”