सुजितची पिकअप आणि आक्काची पायरी

गाडी उंच करायचा नाद लागला असंल तर आधी घरात आईला विचारा, बाबांनो. आमच्या बोरगावच्या सुजितनं विचारलं न्हाय.

त्याची पिकअप घेऊन आम्ही मच्छे गावातल्या गॅरेजात गेलतो. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, दोन इंच उचलली तरी लई झालं."

"चारच कर," सुजित म्हणाला. "माळावर अडकली तर पोरं हसत्यात."

झाली चार इंच. वढ्यात उतरताना लुंगी वर खोचलेल्या माणसागत गाडी दिसाय लागली.

दुसऱ्या दिवशी आक्काला, म्हंजे त्याच्या आईला, जैन बस्तीच्या देवळात दर्शनाला न्यायचं होतं. आक्काचा पाय काय दारापतोर पोचंना. सुजित फळी आणाय पळाला.

"मी म्हैस हाय व्हय रं, फळी लावून चढवायला?"

मग काय, परत मच्छे! आक्काच्या गुडघ्याला सोसंल अशी, चांगली खाली लोंबणारी लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली.

रविवारी माळावर निघालो, तर आक्का पण गाडीत. म्हणाली, "बघू तरी तुझं चार इंच." पहिलाच बांध आला. पुढची चाकं मजेत पलीकडं गेली आणि पायरी बांधात रुतून गाडी जाग्यावर थांबली. पोरं हसून लोळाय लागली. सुजित गाडीखाली वाकून मिस्त्रीला शिव्या घालत होता.

आक्कानं दार उघडलं, घरचा उंबरा ओलांडल्यागत अलगद बांधावर उतरली आणि म्हणाली, "आता कशी बेताची उंची झाली! हितनं हलवू नको रं."