चंद्राबाईचं विरजण

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि मला एक सांगा. आपल्याजवळची चांगली वस्तू टिकवायची असेल, तर ती कुठे ठेवावी? कुलपात? माळ्यावर? की दुसऱ्याच्या हातात? ते मागे बसलेले आप्पा म्हणतात – कुलपात! बरं आप्पा, किल्ली सांभाळा. आणि आता ऐका.

कोंढारवाडी नावाचं गाव. तिथे चंद्राबाई राहायची. साठी ओलांडलेली, ताठ कण्याची. आणि दही असं लावायची, की वाटी उपडी केली तरी पडायचं नाही! सप्त्याच्या शेवटी काल्याला दही लागतं, ते दरवर्षी तिच्याच घरचं. सासूकडून आलेलं विरजण तिनं रोज लावून जिवंत ठेवलं होतं.

जिवंत! हा शब्द उगाच नाही वापरत मी. अहो, त्या चमचाभर विरजणात आख्ख्या तालुक्यात माणसं नाहीत एवढे जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. बॅक्टेरिया म्हणतात त्यांना. कोमट दुधात सोडले की दुधातली साखर खातात, आंबटपणा तयार करतात, एकाचे दोन, दोनाचे चार होतात – आणि सकाळी घट्ट दही! तुम्ही घोरत असता, ते राबत असतात. त्यातलं चमचाभर कुणाला दिलं, तर तुमचं काय कमी होतं?

पण चंद्राबाई देईना. का? तर भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ, सुंदराबाई. दोघींच्या मधल्या शेवग्याच्या शेंगा कुणाच्या, यावरून बिनसलं. हसताय? तुम्हाला तर भांडायला शेंगासुद्धा लागत नाहीत! बोलणं बंद झालं, येणंजाणं बंद झालं. त्या रागात चंद्राबाईनं साऱ्या गावालाच सांगून टाकलं, "विरजण मागायला माझ्या दारात यायचं नाही." बायका हळूहळू दुकानातून दही आणू लागल्या.

त्या वर्षी चैत्रात सप्ता होता. काल्याला दोन दिवस राहिले. घरोघरचं दूध चंद्राबाईकडे आलं. घरात पाहुणे, डोक्यात शंभर कामं. दूध चुलीवरून उतरवलं, अजून वाफा निघत होत्या, आणि हिनं विरजण ओतलं. सगळं! चमचाभरसुद्धा मागे ठेवलं नाही.

सकाळी झाकण काढलं. दूध तसंच पातळ, वर उतरल्याचा वास.

सून मंजिरी म्हणाली, "आई, दूध कढत होतं का? मग ते भाजून मेलं असेल."

चंद्राबाईनं विरजणाचं गाडगं पालथं करून पाहिलं. सासूच्या हातचं, इतकी वर्षं जपलेलं, एका घाईत गेलं. आणि उद्या काला!

"रोज दही लावणारं घर आता गावात एकच उरलंय," मंजिरी हळूच म्हणाली. नाव घेतलं नाही. नुसतं भिंतीकडे पाहिलं.

चंद्राबाईनं वाटी पदराखाली घेतली. चार पावलांचं अंतर हो! पण दोनदा मागे फिरली, तेव्हा कुठे पोचली. आत सुंदराबाई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं.

"या आक्का. बसा."

"बसायला नाही आले. माझं विरजण मेलं."

सुंदराबाईनं हात धुतले. शिंक्यावरचं गाडगं उतरवलं आणि वाटी काठोकाठ भरली. चंद्राबाईनं बोटावर घेऊन चाखलं, आणि तिचा हात तिथेच थांबला. ही चव तिच्या ओळखीची होती.

"सुंदरे, हे कुठलं गं?"

"तुमचंच. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच द्रोणात दिलं होतंत. तेव्हापासून लावतेय. भांडण तुमचं नि माझं झालं, आक्का. दह्यानं काय केलं होतं?"

मंडळी, घरात दडवलं ते मेलं. दिलं ते जगलं! आणि हे फक्त गाडग्यात नाही. भुईमूग उपटता ना? मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यात असेच जीव बसलेले असतात. हवेतला नत्र घेतात, रोपाला देतात. रोप त्यांना साखर देतं. पाला गळला, की दुसरे जीव तो कुजवतात, मातीत मिळवतात, आणि पुढचं पीक त्यावर उभं राहतं. देणं थांबलं, तर तुमच्या ताटात भाकरी येईल का हो?

चंद्राबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग तिथेच चुलीपुढे बसली आणि गरम भाकरी त्याच दह्याशी खाल्ली. संध्याकाळी पुन्हा दूध आलं. दोघी जावांनी ते निववलं, बोट बुडवून पाहिलं, मग विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी काला झाला. लोक बोटं चाटत उठले, तर देवळाच्या दारात चंद्राबाई उरलेलं दही घेऊन उभी. "वाट्या आणा गं," म्हणत होती, "घरोघर लावा. माझं पुन्हा मेलं, तर मला मागायला दार हवं."

आता माझ्याकडे काय बघता? सकाळी घरी दही लागलेलं असेल. त्यातला पहिला चमचा वाटीत काढा. ज्या दारावरून तुम्ही मान वळवून जाता, त्याच दाराशी जाऊन उभे राहा. काय बोलावं सुचलं नाही, तर नुसती वाटी पुढे करा.