एकाच तिकिटात दोघं

लोणावळ्याच्या त्या मेणाच्या पुतळ्यांचं नाव नका काढू माझ्यासमोर. मागच्या वर्षी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, दाखवायला घेऊन गेलो होतो. तिकिटाचा दर वाचून आबा दारातच थांबले.

“एकच काढ. तू जा आत आन् फोटू काढून आण. एकानं बघितलं काय, दोघांनी काय, सारखंच.”

मी आत जाऊन एकेका पुतळ्याचा फोटो काढला. बाहेर पायरीवर बसून, चष्मा लावून आबांनी ते दोनदा बघितले.

“लय भारी. माझं फुकटात झालं की.”

दिवाळीआधी आबा गेले. हार घालायला फोटो हवा म्हणून मोबाईल चाळला, तर सगळे पुतळेच. आबांचा एकही नाही.

शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून भिंतीवर लावलाय.