अहवालातलं एक वाक्य

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती बाई, त्यांचे यजमान आणि मित्रहो,

मी रस्तेबांधणी खात्याचा निवृत्त अभियंता. पुरातत्त्व खात्याच्या निरोप समारंभात याचं काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल. बाईंनाही वाटत असावं. मघापासून माझ्याकडे रोखून बघताहेत.

बाईंच्या चौतीस वर्षांच्या नोकरीवर आधीचे वक्ते बोललेच. त्यांचं पोहणं, शब्दकोडी, चाळिशीनंतर सुरू केलेलं गाणं, तेही सगळं झालं. गाण्याबद्दल यजमानांनी मौन पाळलं, ते एक असो. मला फक्त एका सकाळबद्दल बोलायचं आहे.

टेकडीच्या पायथ्याने आमचा रस्ता जायचा होता. तिथे बाईंना फार जुनी दफनभूमी सापडली. त्यांना दिलेली मुदत संपली आणि मला वरून फोनवर फोन सुरू झाले. खोदाईचं मशीन घेऊन गेलो, तर बाई खड्ड्यात पालथ्या, हातात ब्रश. चालकाला म्हटलं, घे पुढे, उठतील त्या. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खाली उतरला.

आणि मंडळी, मी स्वतः वर चढलो. मशीन चालू केलं. बाई हलल्या नाहीत. खोरं खड्ड्याच्या काठाशी आलं, माती त्यांच्या पाठीवर पडली. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"दोन तास द्या. लहान मूल आहे."

मी इंजिन बंद करून उतरलो. वीतभर बरगड्या, गालाखाली हात. कुणीतरी अगदी नीट कुशीवर निजवलेलं. मी काय करायला निघालो होतो, ते तेव्हा कळलं आणि मी तिथेच मातीत बसलो.

त्या दोन तासांचे चार महिने झाले. रस्ता वळवला गेला, कचेरीत माझी खरडपट्टी निघाली. पण बाईंनी तक्रार केली असती, तर नोकरीच गेली असती. त्यांचा अहवाल छापून आला, तो मी घाईघाईने उघडला. त्यात होतं: 'रस्तेबांधणी खात्याच्या अभियंत्यांनी स्वतः जागेवर येऊन सहकार्य केले.'

बाई, तुमच्या सगळ्या लिखाणात तेवढं एकच वाक्य खोटं आहे. ते मी आज सर्वांसमक्ष दुरुस्त करतो.

मला बोलू दिलं, याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. त्या सकाळची माफी मात्र द्यायची की नाही, ते बाईंनी ठरवावं.